हातात टॉप पेअर, समोरून रेझ: सोडायचं, कॉल करायचा की आणखी वाढवायचं?

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर पोकरच्या लहान (कमी पैशांच्या) टेबलाला बसलात, तर हा प्रसंग पहिल्या दोन तासांत एकदा तरी येईल. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी घालायच्या सक्तीच्या रकमा) १००-२००, तुमच्यापुढे आणि समोरच्यापुढे प्रत्येकी २०,०००. हातात बदामचा एक्का आणि चौकटची राणी. तुम्ही ८०० केलेत, बटणावरच्याने (डीलरच्या जागेवरचा) आणि बिग ब्लाइंडने (२०० घालणारा) कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले; पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, २,५००. फ्लॉपला (सगळ्यांसाठी उघडलेले पहिले तीन पत्ते) इस्पिकची राणी, चौकटची अठ्ठी, किलवरची तिर्री. म्हणजे तुमची टॉप पेअर, बोर्डवरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याची जोडी. बिग ब्लाइंडने चेक केलं (पैसे न लावता पाळी पुढे दिली), तुम्ही १,५०० लावले, बटणावरच्याने पत्ते टाकले आणि बिग ब्लाइंडने रेझ केला, ४,५०० पुढे सरकवले.

आता तीन वाटा आहेत. त्यांची तुलना करण्याआधी एक सवय मोडायला हवी, कारण आपल्यातले बहुतेक जण तीन पत्तीतून पोकरकडे येतात. तीन पत्तीत चारपैकी जवळजवळ तीन हातांत साधी जोडीही नसते, त्यामुळे राणीची जोडी आली की माणूस चाल दुप्पट करतो आणि ते बरोबरच असतं. पोकरमध्ये शेवटपर्यंत सात पत्ते (हातातले दोन, बोर्डवरचे पाच) मिळतात आणि सहापैकी साधारण पाच वेळा प्रत्येकाकडे जोडी किंवा त्याहून चांगलं काहीतरी बनतं. जोडी तीच, पण तिची पत इथे फार कमी.

कॉलचा हिशोब वरवर सोपा आहे. पॉटमध्ये ८,५०० आहेत, तुम्हाला ३,००० घालायचे. म्हणजे १०० पैकी २६ वेळा जिंकलात तरी बरोबरी. समोरच्याकडे काय असू शकतं? अठ्ठ्यांचा सेट (हातात अठ्ठ्यांची जोडी, तिसरी बोर्डवर) तीन प्रकारे, तिर्र्यांचा तीन प्रकारे, एकाच रंगाची (दोन्ही बदाम किंवा दोन्ही किलवर) राणी-अठ्ठी दोन प्रकारे. हे आठ प्रकार तुम्हाला हरवतात, आणि सेटसमोर तर तुमची आशा जवळजवळ संपलेली असते. (राण्यांचा सेट मी धरत नाही. तो हात असता तर त्याने फ्लॉपच्या आधीच वाढवलं असतं.) तुम्ही ज्याला हरवता असा मुख्य हात राजा-राणी, तोही आठ प्रकारे. या आठांपैकी तीन प्रकारांनी जरी तो रेझ करत असेल, तरी तुमचे २६ टक्के भरतात.

म्हणून पुष्कळ जण इथे डोळे मिटून कॉल करतात. मला तो हिशोब अपुरा वाटतो. कॉल केल्यावर पॉट ११,५०० होतो आणि तुमच्यामागे १४,७०० उरतात. टर्नला (चौथा पत्ता) तो ६,०००-७,००० लावणार, रिव्हरला (पाचवा, शेवटचा) उरलेलं सगळं. तुम्ही ३,००० चा निर्णय घेताय असं दिसतं, पण खरा प्रश्न १७,७०० चा आहे. टर्नला मोठी बेट आली तर काय करणार, हे आत्ताच ठरलेलं नसेल तर कॉल करूच नका.

सगळं त्या ‘आठांपैकी तीन’वर येऊन थांबतं, आणि ते पत्त्यांवर नाही, माणसावर ठरतं. समोर शांत बसलेले काका आहेत, संध्याकाळपासून कॉल, कॉल, चेक, आणि आज पहिल्यांदाच रेझ. असे खेळाडू राजा-राणीने कॉल करतात, रेझ करत नाहीत. त्यांच्या मनात राजा-राणी म्हणजे ‘बघू पुढे काय येतं’ असा हात. त्यांच्या आठांपैकी तीन सोडा, एकही प्रकार भरत नाही, आणि तुमची जिंकण्याची शक्यता ५-६ टक्क्यांवर येते. एक्का-राणी टाकून द्या. हे लिहायला सोपं आहे. टेबलावर करताना माझाही हात अजून जड होतो.

समोर तिशीतला, दर दुसऱ्या हातात खेळायला उतरणारा खेळाडू असेल तर गोष्ट वेगळी. तो राजा-राणी वाढवतो, गुलाम-दश्शीने नश्शीची वाट बघत वाढवतो, कधी नुसता तुम्हाला चाचपतो. इथे कॉल योग्य. शिवाय तुम्ही त्याच्यानंतर बोलता, हा मोठा फायदा. टर्नला तो चेक करून थांबला तर तुम्हीही शांतपणे चेक करा किंवा लहान बेट लावा. मोठी बेट आलीच, तर ‘हा माणूस दोनदा थाप मारतो का’ एवढंच विचारा. पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाबद्दल माझं उत्तर ‘नाही’ असतं.

ऑनलाइन खेळून आलेल्यांनी इथे विशेष जपावं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यानंतर ज्यांची सगळी शिकवण स्क्रीनवर झाली आहे असेही काही जण टेबलाकडे वळलेत. स्क्रीनवर फ्लॉपच्या रेझमध्ये ड्रॉ (अजून एखाद्या पत्त्याची वाट बघणारे हात) आणि थापा भरपूर असत, म्हणून तिथे टॉप पेअर सोडणं चूक ठरत असे. टेबलावर तासाला २५-३० हात होतात, लोक मजा करायला आलेले असतात. त्यांना बघायला आवडतं, थाप मारायला तितकंसं नाही.

तिसरी वाट, पुन्हा रेझ. या फ्लॉपवर आणि या स्टॅकवर (पुढ्यातल्या रकमेवर) मला ती सर्वांत वाईट वाटते. तुम्ही ११,००० केलेत तर राजा-राणीवाला विचारात पडून सोडेल आणि सेटवाला आनंदाने सगळं आत टाकेल. ज्याने राहावं तो जातो, ज्याने जावं तो राहतो.

पण दोन ठिकाणी हीच वाट पहिली येते. एक, स्टॅक लहान असेल तेव्हा. तुमच्यापुढे २०,००० ऐवजी ८,००० असते, तर फ्लॉपला २,५०० च्या पॉटसमोर ७,२०० उरतात. एवढ्यात टॉप पेअर आणि एक्का किकर (जोडीसोबतचा दुसरा पत्ता) घेऊन सगळं आत घालणं योग्य, समोर काकांसारखा कोणी नसेल तर; तिथे फार विचार करण्यात अर्थ नाही. दुसरं, बोर्ड ओला, म्हणजे ड्रॉला पोषक, असेल आणि समोरचा ड्रॉ वाढवणारा असेल. इस्पिकची राणी, इस्पिकची नश्शी, चौकटची चौकी असा फ्लॉप घ्या. नुसता फ्लश ड्रॉ (एकाच रंगाचे चार पत्ते, पाचव्याची वाट) रिव्हरपर्यंत साधारण ३५ टक्के वेळा लागतो, म्हणजे ६५ टक्के वेळा तुम्ही पुढे असता. त्याला स्वस्तात पत्ते दाखवण्यापेक्षा इथेच किंमत वसूल करा. काकांसमोर मात्र हेही नको. ते फ्लश ड्रॉलाही कॉलच करतात.

आतापर्यंतचं सगळं फ्लॉपच्या रेझचं. टर्नला तुमच्या दुसऱ्या बेटवर रेझ आला तर लहान टेबलावर टॉप पेअर सोडा, खेळाडू कोणीही असो. रिव्हरला तर नक्कीच.

एक अपवाद नोंदवतो. कमीत कमी रेझ, म्हणजे १,५०० वर फक्त ३,०००. तिथे १,५०० घालून ८,५०० च्या पॉटसाठी लढता येतं, १८ टक्केही पुरतात. काकांसमोरसुद्धा एक पत्ता बघा, आणि एक्का आला नाही तर पुढच्या बेटला पत्ते टाका. किकर दश्शीचा असता, राणीसोबत एक्का नसता, तर तोही बघू नका.