‘गेट’पाशी अडखळणारा शब्दकोश

गेले 2 महिने मी इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे एक ॲप वापरत आहे. कोश पारखायचा तर त्यातले अवघड शब्द न पाहता ‘गेट’ हे अगदी साधे क्रियापद उघडून पाहावे, या जुन्या सवयीने मी सुरुवातही तेथूनच केली. (फाटकाचे ‘गेट’ वेगळे, ॲपने मात्र दोन्हींचा उच्चार देवनागरीत सारखाच छापला आहे आणि एकाचा स्वर ऱ्हस्व, दुसऱ्याचा दीर्घ आहे हे ध्वनिफीत ऐकल्याखेरीज कळत नाही.)

‘मिळणे, मिळवणे’ हा पहिला अर्थ रास्तच आहे. परंतु ‘आय गॉट अ लेटर’ या वाक्यात कर्ता ‘आय’ असतो, तर ‘मला पत्र मिळाले’ म्हणताना पत्र कर्त्याच्या जागी येते आणि ‘मी’चा ‘मला’ होतो, याचा उल्लेख नोंदीत कोठेही नाही. ‘होणे’ या दुसऱ्या अर्थाखाली तर ‘आय गॉट टायर्ड’चे भाषांतर ‘मी थकलेला झालो’ असे दिले आहे. असे कोण बोलते? मराठीत ‘दमलो’ एवढे पुरते. ‘गेट वेट’ म्हणजे भिजणे, ‘गेट अँग्री’ म्हणजे रागावणे. अशा ठिकाणी ‘गेट’ला वेगळा प्रतिशब्द शोधायचाच नसतो.

प्रयोजक अर्थाचा, म्हणजे दुसऱ्याकडून काही करवून घेण्याचा, भाग मात्र मनापासून आवडला. ‘आय गॉट हिम टू साइन’साठी ‘मी त्याच्याकडून सही करवून घेतली’ हे वाक्य देऊन, त्याच्याशेजारी ‘मेड हिम साइन’साठी ‘त्याला सही करायला लावली’ असे ठेवले आहे. पहिल्यात मनधरणी आणि दुसऱ्यात सक्ती आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. इतकी जाण असलेल्या संपादकांनी ‘गेट अवे विथ’ला ‘सह दूर जाणे’ कसे लिहिले, हे कोडेच आहे; केलेले पचणे, शिक्षेविना सुटणे हा त्याचा रोजचा अर्थ आहे.

‘गॉटन’ हे रूप ॲपने सरसकट चुकीचे ठरवले आहे. अमेरिकन इंग्रजीत ते रूढ आहे, आणि तेथे ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ असणे, तर ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळालेले असणे, असा उपयुक्त भेदही केला जातो. ही दुरुस्ती कळवली आहे; तूर्त 5 पैकी 3 तारे, आणि त्यांतला एक केवळ ‘करवून घेतली’साठी.