बॉन्डाय बीच, सिडनी : दोन झेंड्यांच्या मधलं पाणी

मी रत्नागिरीची. लहानपणापासून एकच ऐकत आले, ओहोटीला पाण्यात उतरायचं नाही, समुद्र आत ओढतो. त्यामुळे लेकीकडे सिडनीला आल्यावर सगळे बॉन्डायला निघालो, तेव्हा मी आधी भरती-ओहोटीची वेळ बघायला लावली. भरती होती. मी निर्धास्त झाले, आणि तिथेच चुकले.

३३३ नंबरच्या बसमधून उतरून आम्ही समोरच वाळूत आलो, म्हणजे किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडे. जावयाचा धाकटा भाऊ पुण्याचा, रोज तलावात पोहणारा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत होत्या, मध्ये एक गडद, शांत पट्टा होता. "काकू, इथे लाटाच नाहीत!" म्हणत तो तिकडे निघाला. मलाही तीच जागा बरी वाटली. गुडघाभर पाण्यात पोचला आणि शिट्टी वाजली. निळ्या शर्टातला जीवरक्षक धावत आला होता.

तो रागावला नाही. वाळूत बोटाने रेघा ओढून त्याने समजावलं. लाटांनी किनाऱ्याला आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि त्या वाटेवर वाळूत चर पडतो. तिथे खोल असतं म्हणून लाट फुटत नाही. आम्हाला शांत वाटलेली जागा हीच ती वाट, रिप करंट. भरतीलाही असतो. जोरात असला तर ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्यालाही त्याच्या उलट पोहून येता येत नाही. इथल्या रिपला 'बॅकपॅकर्स रिप' असं नावच पडलंय, कारण बसमधून उतरलेली नवखी माणसं नेमकी तिथेच शिरतात. धोक्याच्या दहाच्या मापात बॉन्डायच्या उत्तर टोकाला ४ आणि दक्षिण टोकाला ७ दिलेत.

मी लेकीकरवी विचारलं, सापडलोच तर? तो म्हणाला, रिप खाली ओढत नाही, बाहेर नेतो. किनाऱ्याकडे झटत पोहू नका, माणूस दमतो आणि दमल्यामुळे बुडतो. पाठीवर तरंगा, हात वर करा, हाका मारा. अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, पांढऱ्या लाटा फुटतात त्या बाजूला पोहा. हे आमच्याकडे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. गणपतीपुळ्याला उतरणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी हे सांगायला हवं, असं मला फार वाटलं.

जीवरक्षकांची ही सेवा एक पैसा न घेता मिळते. पाणी बघून लाल-पिवळे दोन झेंडे रोवतात, पोहायचं ते त्यांच्या मध्येच; समुद्र बदलला की झेंडे हलवतात. नगरपालिकेचे जीवरक्षक बारा महिने असतात. हंगामात शनिवार-रविवारी लाल-पिवळ्या कपड्यांतले स्वयंसेवकही येतात. त्यांचा इथला क्लब १९०७ सालचा आहे! झेंड्यांच्या मध्ये गर्दी फार, मोकळं पोहता येत नाही, पण मला ती गर्दीच बरी वाटली.

माझ्याकडून पाचपैकी पाच. जाणार असाल तर समुद्राकडे तोंड करून डावीकडे, उत्तरेला चालत जा आणि झेंडे दिसल्यावरच सामान ठेवा. पोहताना मधून मधून झेंड्यांकडे बघा, पाणी नकळत बाजूला सरकवतं. संध्याकाळी झेंडे काढले की फक्त पाय भिजवा.