अ‍ॅपवाला वजनकाटा : सिलिंडरला पास, पोरीला नापास

चार महिने वापरून लिहितेय. ऑनलाइन घेतला, तेराशेला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, असले सगळे काटे साधारण सारखेच. वर काच, चार स्टीलच्या पट्ट्या, ब्लूटूथनं मोबाईलला जोडायचा. वजनाबद्दल तक्रार नाही. खात्री करायला गॅसचा नवा सिलिंडर चढवून बघितला. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या पट्टीवर असतंच, आमच्यावर १५.६ होतं, त्यात गॅस १४.२, झाले २९.८ आणि काट्यावर पण २९.८च की!

फक्त जमीन सपाट पाहिजे. आमचं शहापुरातलं जुनं घर, स्वयंपाकघरात शहाबादी फरशी, तिथं ठेवला की सव्वा किलो कमी दाखवतो, माडीवर टाइल्स आहेत तिथं बरोबर. हे मला कळलं कसं, तर लेक रोज काटा उचलून खाली आणायची आणि मोरीजवळच्या त्याच एका फरशीवर ठेवून उभी राहायची.

लेक दहावीला. काटा खरं तर ह्यांच्यासाठी आणलेला, ह्यांना शुगर निघाली म्हणून. पण अ‍ॅपमध्ये तिनं आपलं पण नाव घातलं, उंची १५३, वजन ४९, आणि त्यानं फॅटच्या पुढं नारिंगी रंगात ‘जास्त’ असं दाखवलं. झालं. सकाळी उठून, शाळेतनं आल्यावर, रात्री झोपताना, तीन-तीनदा काट्यावर. भात बंद, आणि आमच्यात भात बंद म्हणजे जेवणच बंद की ओ. सकाळी लिंबू-मध-पाणी. डबा तसाच परत, विचारलं तर म्हणे, "मैत्रिणीच्यातला जेवलो की गे आई."

मग मी त्याचं पुस्तक काढून वाचलं, जे आधी वाचायला पाहिजे होतं. पट्ट्यांमधनं पायातनं बारीक करंट जातो, त्याला अडथळा किती येतो तेवढंच मशीन मोजतं, पुढचा फॅटचा आकडा उंची, वय घालून सूत्रानं काढलेला अंदाज. पाणी कमी-जास्त प्यालं तरी बदलतो. आणि शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात, हा आकडा १८ वर्षांवरच्यांसाठी. मग १५ वय घातल्यावर अ‍ॅप गप्प का बसत नाही? माझा सगळा राग तिथं आहे.

ह्यांची बहीण आलेली, तिनं बरं केलं. लेकीला काट्यावर उभं केलं, ४९.१. लिटरची बाटली पुरी प्यायला लावली, परत उभं केलं, ५०.१. "पाच मिनटात किलोभर जाड झालास काय गं?" पोर हसली, पण भात काय घेतला नाही.

शेवटी मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५चा तक्ता काढला, वयाप्रमाणे रेषा असतात त्यात, लेकीचा ठिपका मधल्या रेषेच्या जरा वर, एकदम ठीक. ह्या वयात मुलींच्या अंगावर चरबी धरतेच, पाळीला पण ती लागते म्हणाले. आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८, पाहिजे १२. म्हणजे जे जास्त नव्हतं त्याच्यामागं आम्ही तीन महिने, आणि जे कमी होतं ते तेराशेच्या काट्याला दिसणार कुठनं.

वजन कमी करायचं नाव काढायचं नाही अशी ताकीद मिळाली, लेकीला नाही, मला. (जवळच्या जवळ सांगते, "किती सुटलीस" हे पहिलं मीच म्हटलेलं, गणपतीत, नवा ड्रेस घालताना.) गोळ्या दिल्या, जेवणावर लगेच चहा बंद, आणि लिंबू पाण्यातनं काढून मटकीच्या उसळीवर पिळायला सांगितलं, म्हणजे लोह अंगी लागतं. खानापूरकडची नाचणी आणतोच आम्ही, तिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, ह्या वयाला दिवसाला हजार लागतं. आंबील पिते, भाकरीला अजून नाक मुरडते. भात परत आलाय, अर्धी वाटी.

अ‍ॅप काढून टाकलं, काटा नुसता पण चालतो. हे रविवारी उभे राहतात. सासूबाई रोज उभ्या राहतात, काठीसकट. पाचात तीन स्टार, घरात वयात आलेलं पोर असेल तर साधा बिनअ‍ॅपचा घ्या, निम्म्या पैशात येतो.

परवा लेकीनं स्वतःहून काटा बाहेर काढला, मी दचकलेच. तर गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू कडेवर घेऊन उभी, ते काय एकटं काट्यावर थांबत नाही, म्हणून आधी आपलं बघायचं आणि मग वजा करायचं. माडीवर टाइल्सवर ठेवलेला. वहीत पिल्लाचं लिहिलं, २.४.