कोड मागणारी मावशीच होती

‘अनोळखी माणसाला ओटीपी देऊ नका’ हे मला पाठ होतं. पण माझ्याकडे कोड मागितला तो मावशीच्या नंबरवरून, तिच्या डीपीसकट. “अरे, चुकून माझा कोड तुझ्याकडे आलाय, जरा पाठव ना.” एसएमएस खरंच आला होता. वरच्या पट्टीत सहा आकडे दिसले, ‘कोणालाही देऊ नका’ ही ओळ खाली कापली गेली होती. मी आकडे पाठवले, आणि लगेच माझं व्हॉट्सॲप बंद पडलं: हा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला गेला आहे. मावशीचं अकाउंट आधीच चोराच्या ताब्यात होतं.

दुसऱ्याचा कोड ‘चुकून’ आपल्याकडे येत नसतो. आपल्या नंबरवर आलेला कोड आपल्याच अकाउंटचा असतो.

जुन्या गप्पा चोराला दिसल्या नाहीत, त्या फोनमध्येच राहतात. ग्रुप मात्र सगळे त्याच्याकडे गेले, आणि त्यांच्यासोबत माणसांचे नंबर. मग माझ्या नावाने उसनवारी सुरू झाली: अर्जंट आहे, उद्या देतो. एका मावसभावाने काही न विचारता पैसे पाठवले. ताई मात्र फसली नाही. तिला मेसेज गेला होता, ‘आपण कृपया मदत करावी.’ तिने सरळ मला फोन लावला, “तू मला कधीपासून आपण म्हणायला लागलास रे?”

प्रायव्हसीचा विषय निघाला की ‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझंही एकही गुपित चोराने वाचलं नाही. त्याने वापरली माझी पत, आणि ती मावसभावाच्या मनात होती; ती मी कुठल्या पासवर्डखाली ठेवणार होतो?

आता कामाचं. असं झालं तर हळहळत बसू नका. लगेच आपला नंबर टाकून व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करा. नवा कोड एसएमएसने तुमच्याच सिमवर येतो, आणि तो टाकला की चोर बाहेर फेकला जातो. त्याने तेवढ्यात टू-स्टेपचा पिन, म्हणजे एसएमएसच्या कोडनंतर मागितला जाणारा दुसरा आकडा, लावून ठेवला असेल (माझ्या वेळी लावलाच होता), तर पिनशिवाय आत जायला तुम्हाला ७ दिवस थांबावं लागतं. पिन मागितला की अनेकजण ‘गेलं सगळं’ म्हणून हात टेकतात. पण कोड टाकलेला असेल तर त्या ७ दिवसांत चोरही आत नसतो. तेवढ्यात जवळच्यांना साधे फोन करून सांगा, ग्रुपवर एखाद्याला लिहायला लावा. अकाउंट परत मिळालं की ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये, म्हणजे अकाउंटला जोडलेल्या इतर उपकरणांच्या यादीत, कोणी राहिलंय का ते बघा.

आणि टू-स्टेपचा पिन चोराच्या आधी आपणच लावावा. सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली तो पर्याय आहे. सोबत ईमेल पत्ताही द्या. तिथे बरेच जण ‘नंतर’ म्हणून पुढे जातात, आणि पिन विसरला की तोच ईमेल लागतो.