क्रुशल बीएक्स५०० एसएसडी, २४० जीबी: जुन्या कॉम्प्युटरला बसवण्याआधी

सॉफ्टवेअर टाकायला घेतलं, पट्टी भराभर ९० टक्क्यांपर्यंत गेली आणि मग अर्धा तास तिथेच अडकली, की दोष प्रोसेसरवर ढकलला जातो. जुन्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा अडतं ते हार्ड डिस्कपाशी. ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या, डिस्कची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पुरा करते. म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद, आणि मुळात हेड तिथवर सरकायला आणखी ८-९. हिशोब केला तर सेकंदाला ७५-८० ठिकाणं गाठून होतात, त्यापुढे नाही. सिनेमाची एकच मोठी फाइल हीच डिस्क झरझर लिहून टाकते, पण सॉफ्टवेअर म्हणजे हजारो बारीक फाइली, त्यात रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) नोंदी, आणि वर प्रत्येक फाइल विंडोजचा अँटीव्हायरस, डिफेंडर, उघडून बघणार.

तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणारा ड्राइव्ह म्हणजे एसएसडी, आणि बीएक्स५०० चा खरा फायदा इथे आहे. आत फिरणारं काही नाही, त्यामुळे शोधायचा वेळ जवळपास संपतोच. डब्यावर वाचनाला सेकंदाला ५४० एमबी आणि लेखनाला ५०० एमबी लिहिलेलं असतं, ते साटा-३ पोर्टवर, म्हणजे मदरबोर्डवर ड्राइव्ह जोडायच्या जागेवर. मदरबोर्ड जुना असेल आणि पोर्ट साटा-२ असेल तर हा वेग साधारण निम्म्यावर येतो. तरीही बिनधास्त बसवा, कारण इन्स्टॉलेशनला सलग वेगाची फारशी गरज लागत नाही.

उणीव दोन ठिकाणी आहे. या ड्राइव्हमध्ये स्वतःची डीरॅम (कोणती माहिती कुठे आहे त्याचा नकाशा हाताशी ठेवणारी) चिप नाही, आणि लिहिताना आधी तो एका जलद कप्प्यात, म्हणजे एसएलसी कॅशमध्ये, माल उतरवतो. ऑफिस, ब्राउझर, टॅली यांच्यासाठी तो कप्पा पुरून उरतो. पण ६०-७० जीबीचा गेम एका दमात टाकला तर कप्पा भरतो आणि लेखनाचा वेग जुन्या हार्ड डिस्कइतका, कधी त्याहूनही खाली येतो. ड्राइव्ह जितका भरलेला तितका हा कप्पा लहान होत जातो, म्हणून शेवटचे ३०-४० जीबी मोकळे ठेवायचेच. टिकाऊपणाची काळजी मात्र नको. २४० जीबीच्या मॉडेलला कंपनी ८० टेराबाइट लेखनाची हमी देते आणि वॉरंटी ३ वर्षांची. रोज २० जीबी लिहिलं तरी १० वर्षांत ७३ टेराबाइट होतात.

आता जागेचा हिशोब, कारण फसगत इथेच होते. २४० जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये २२३ जीबीच दिसतो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. विंडोज ११ ला तीसेक जीबी धरा. अपडेटसाठी ते ७ जीबीच्या आसपास राखून ठेवतं. ८ जीबी रॅम असेल तर हायबरनेशनची (कॉम्प्युटर बंद करताना चालू काम जपून ठेवणारी) फाइल सव्वातीन जीबीची, आणि पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज ड्राइव्हवर वापरतं ती फाइल, वेगळी.

त्यात इन्स्टॉलर एकच वस्तू तीनदा ठेवतो, हे फार कमी जण लक्षात घेतात. समजा, ४ जीबीचं सेटअप डाउनलोड्समध्ये आहे. ते टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये उलगडून ८ जीबी होतं आणि मग प्रोग्रॅम फाइल्समध्ये आणखी ८ जीबी बसतं. ८ जीबीच्या सॉफ्टवेअरला त्या क्षणी २० जीबी लागले. डी ड्राइव्ह, म्हणजे जुनी हार्ड डिस्क, निवडूनही ‘जागा अपुरी’ असं का येतं, त्याचं उत्तर हेच: डाउनलोड्स आणि टेम्प दोन्ही सी वरच, म्हणजे एसएसडीवरच असतात. सेटअप फाइल डी वर हलवून तिथून चालवा. तेवढ्याने भागलं नाही तर ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये टेम्प आणि टीएमपी या दोन्हींचा पत्ता तात्पुरता डी वर द्या आणि काम झालं की परत आणा. कायमचा तिथे ठेवला तर प्रत्येक इन्स्टॉलेशन पुन्हा हार्ड डिस्कच्या चालीने होईल.

जागा करायची तर डिस्क क्लीनअपमधून जुने अपडेट आणि आधीच्या विंडोजच्या फाइली काढा. विंडोज फोल्डरमधल्या इन्स्टॉलर नावाच्या लपवलेल्या फोल्डरला मात्र हात लावू नका. तो कचरा वाटतो आणि कित्येक जीबींचा असतो, पण तो रिकामा केला की जुन्या ऑफिससारखी सॉफ्टवेअर ना अपडेट होतात ना अनइन्स्टॉल. मूळ एमएसआय (सेटअपची) फाइल मागत बसतात.

दुसरी चूक म्हणजे जागा वाचवायला पेजफाइल बंद करणं. विंडोज प्रोग्रॅमला मेमरीचा शब्द देतं तो रॅम आणि पेजफाइल मिळून. पेजफाइल काढली की रॅम मोकळी दिसत असतानाही सेटअप ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून मध्येच थांबतं. ती ‘सिस्टिम मॅनेज्ड’वरच राहू द्या.

एसएसडी रॅमची जागा घेत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा आहे, पण तेवढ्यात ते नुसतं चालू होतं. ४ जीबीमधून ऑनबोर्ड ग्राफिक्स आपला वाटा घेतं, विंडोज आणि डिफेंडर निम्म्याहून जास्त घेतात, आणि घट्ट दाबलेलं सेटअप उलगडायला मेमरी उरतच नाही. मग सगळा भार पेजफाइलवर, म्हणजे याच ड्राइव्हवर पडतो. फोटोशॉपची किमान अट ८ जीबी आहे, अँड्रॉइड स्टुडिओची एम्युलेटरशिवाय ८. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. ‘स्लॉट्स यूज्ड’समोर दोनपैकी एकच भरलेला दिसला तर जुन्या जातीचीच रॅमची ४ जीबीची पट्टी शेजारी लावा. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या जातींच्या खाचा वेगळ्या असतात. पट्टी बसत नसेल तर जोर लावायचा नाही. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर आधी एसएसडी घ्या. फरक त्याच दिवशी जाणवतो.

बसवणं सोपं आहे. ड्राइव्ह २.५ इंची, ७ मिलिमीटर जाड आहे. डेस्कटॉपला साटा केबल आणि ३.५ इंची कप्प्यासाठी ब्रॅकेट वेगळं घ्यावं लागतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, साटा मोड एएचसीआय हवा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाका आणि तेवढा वेळ जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर सेटअप कधी कधी बूटच्या फाइली जुन्या डिस्कवरच टाकतं, आणि सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही. डिस्कवर एमबीआर टेबल (पार्टिशनची जुन्या पद्धतीची यादी) असल्याची तक्रार आली तर नव्या ड्राइव्हचे पार्टिशन डिलीट करून मोकळ्या जागेवरच ‘नेक्स्ट’ करा. चुकीच्या डिस्कचे पार्टिशन उडू नयेत, यासाठीही ती केबल काढलेली बरी.

फक्त ब्राउझर, ऑफिस आणि टॅली असेल तर २४० जीबी पुरेल. मुलांचे गेम किंवा फोटो-व्हिडिओ एडिटिंग असेल तर ४८० जीबीच घ्या. त्याची हमी १२० टेराबाइटची आहे आणि कॅशला मोकळी जागाही राहते. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल नावाने ग्राहकांना विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं, पण विकलेल्या मालाची वॉरंटी पाळणार असल्याचंही सांगितलं. तेव्हा दुकानात उरलेला माल घेताना सीलबंद डबाच घ्या, आणि सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल मागून घ्या.