ॲम्प्लिफायरची पॉवर केबल बदलायची? जाडी, शिल्ड आणि धातू यांची तुलना

आधी तक्रार नेमकी काय आहे ते ठरवा. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येतो, आवाज वाढवला की ॲम्प्लिफायर दमतो, की प्लग ढिला बसतो? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. ढिल्या प्लगवर तर बऱ्याचदा केबल नाही, भिंतीतलं सॉकेट बदलावं लागतं. हात लावून प्लग कोमट लागला तर आधी तेच करा.

तारेचा छेद ०.७५, १.५ की २.५ चौरस मि.मी.?

दोन मीटर केबलमध्ये करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परततो, म्हणजे हिशेब चार मीटर तांब्याचा. ०.७५ च्या वायरीत हा रोध साधारण ०.१ ओहम भरतो, १.५ मध्ये ०.०५ आणि २.५ मध्ये ०.०३. २० वॉटच्या स्ट्रीमरला (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं उपकरण) किंवा डॅकला (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं उपकरण) यामुळे जेमतेम ०.०१ व्होल्ट कमी मिळतो. तिथे सोबत आलेली केबलच ठेवा.

मोठ्या पॉवर ॲम्प्लिफायरचं गणित थोडं वेगळं. त्याचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) प्रत्येक अर्ध्या लहरीच्या शिखरापाशीच भरतात, ५० हर्ट्झला सेकंदाला १०० वेळा, त्यामुळे सरासरी ३ अँपिअर असला तरी क्षणभराचा झटका १५ अँपिअरचा असू शकतो. त्या क्षणी ०.७५ ची केबल दीड व्होल्ट खाते, १.५ ची पाऊण, २.५ ची अर्धा. पण घराच्या मुख्य बोर्डापासून सॉकेटपर्यंत १५ मीटर २.५ ची वायर असेल, तर तीच ३.३ व्होल्ट खाते आणि ते कुठलीही महागडी केबल परत देत नाही. इतकी शक्ती लागणाऱ्या सेटला त्याच पैशात ४ चौरस मि.मी.ची स्वतंत्र लाइन ओढून घेणं जास्त उपयोगाचं आहे.

०.७५ वरून १.५ वर गेल्यास ०.०५ ओहम वाचतो, पुढे २.५ वर जाऊन फक्त ०.०२. शिवाय २.५ ची केबल ताठ आणि जड असते. सी-१३ कनेक्टर (केबलचं उपकरणात बसणारं नेहमीचं टोक, संगणकाला असतं तसं) तिच्या वजनाने मागे सरकतो आणि संपर्क बिघडतो. म्हणून सी-१३ ला १.५ घ्यावी. २.५ घ्यायचीच असेल तर सी-१९ हा मोठा कनेक्टर लागणाऱ्या ॲम्प्लिफायरला.

साधी की शिल्ड असलेली?

घुमण्याचं सर्वांत सामान्य कारण अर्थचा लूप आहे. दोन उपकरणांच्या अर्थमधला छोटासा व्होल्टेज फरक सिग्नल केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाहतो आणि सिग्नलमध्ये मिसळतो. याला शिल्डची, म्हणजे तारांभोवती धातूचं वेष्टण असलेली, पॉवर केबल काही करत नाही. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, आणि त्यांच्या केबल आखूड ठेवा. अर्थची तार आखूड आणि जाड असेल तर हा फरकच घटतो. जाड केबलचा हा सर्वांत कमी सांगितला जाणारा, पण खरा फायदा आहे. अर्थची पिन तोडून घुमणं घालवणं मात्र जिवावर बेतू शकतं: आत इन्सुलेशन फाटलं की धातूची पेटी फेजवर येते आणि फ्यूज उडत नाही.

शिल्डला काम मिळतं ते टर्नटेबलपाशी. कार्ट्रिज म्हणजे सुई धरून तिच्या हालचालीचा सिग्नल करणारा भाग. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजचा सिग्नल ५ मिलिव्होल्टच्या आसपास, मूव्हिंग कॉइल प्रकाराचा त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. शेजारून पॉवर केबल गेली की तिचं विद्युत क्षेत्र शिल्ड अडवते. चुंबकीय क्षेत्र मात्र ती रोखत नाही. त्यासाठी पीळ घातलेल्या तारा आणि अंतर हवं. सिग्नल केबलपासून ३० सें.मी. दूर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. शिल्ड प्लगच्या बाजूला अर्थला जोडलेली आहे ना, ते मल्टिमीटरने तपासा. मोकळी सोडलेली शिल्ड निरुपयोगी.

तांबं की चांदी?

चांदीचा मुलामा देऊन विकल्या जाणाऱ्या केबलसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. ५० हर्ट्झचा करंट तांब्यात सुमारे ९ मि.मी. खोल शिरतो, म्हणजे बारीक तारेच्या पूर्ण गाभ्यातून वाहतो, मुलाम्यातून नाही. अख्खी चांदीची तार घेतली तरी १.५ ची केबल जेमतेम १.६ च्या तांब्याइतकी होते. उलट भीती असते ती तांब्याचा थर दिलेल्या ॲल्युमिनिअमची. कापलेल्या टोकाला तार खरवडा. आत पांढरट दिसली तर परत करा.

स्वतः जोडत असाल तर

तारेच्या टोकाला सोल्डर लावून ती स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतो, स्क्रू सैल पडतो आणि तिथेच तापतो. टोकाला क्रिम्पची नळी (तारेवर दाबून बसवायची धातूची छोटी नळी) बसवा. अर्थची तार बाकी दोन्हींपेक्षा १ सें.मी. लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेल्यास ती शेवटी सुटेल. प्लगमधली पकड केबलच्या बाहेरच्या आवरणावर बसलेली हवी, आतल्या तारांवर नाही. सॉकेटला लावण्याआधी तिन्ही पिना टोकापासून टोकापर्यंत मोजा: प्रत्येकीचा रोध अर्ध्या ओहमच्या आत, आणि एकीचा दुसरीशी संपर्क अजिबात नाही.