फॅरडे म्युझियम, लंडन: आधी तळघरातल्या लाल बाटल्या बघा

लंडनला जाणार असाल आणि विज्ञानात थोडा जरी रस असेल, तर मेफेअरमधल्या २१, आल्बेमार्ल स्ट्रीटसाठी दोन तास राखून ठेवा. रॉयल इन्स्टिट्यूशन ही १७९९ साली स्थापन झालेली संस्था इथे आहे आणि तिच्याच इमारतीत हे म्युझियम आहे. प्रवेश फुकट. सायन्स म्युझियमच्या मानाने जागा अगदी छोटी आहे, पण इथल्या बऱ्याच वस्तू जिथे वापरल्या गेल्या त्याच इमारतीत ठेवल्या आहेत. संशोधन खाली प्रयोगशाळेत आणि त्याचं प्रात्यक्षिक वर व्याख्यानगृहात, अशी एकोणिसाव्या शतकातल्या मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाची सगळी कारकीर्द या एका छपराखाली गेली.

बहुतेक लोक विजेच्या वस्तू बघून परत फिरतात. आमचं सांगणं असं, की आधी सोन्याच्या बाटल्या शोधा. काचेच्या छोट्या बाटल्यांत गुलाबी-लालसर पाणी दिसतं. घाईत असलात तर सरबत समजून पुढे जाल. ते सोनं आहे. फॅरडेने १८५६ च्या सुमारास बनवलेलं हे द्रावण दीडशेहून अधिक वर्षं तळाशी न बसता तसंच तरंगत राहिलं आहे. सोन्याच्या क्लोराइडच्या पातळ द्रावणात त्याने कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवलेला फॉस्फरस घातला आणि सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात सुटे केले. फेब्रुवारी १८५७ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढच्या मानाच्या बेकेरियन व्याख्यानात त्याने निष्कर्ष मांडला, की धातू तोच असतो आणि कणांचा आकार बदलला की रंग बदलतो. हे कण दिसतील असा सूक्ष्मदर्शक तेव्हा जगात नव्हता. नॅनोपदार्थांच्या, म्हणजे अशा अतिसूक्ष्म कणांच्या, अभ्यासाची सुरुवात बरेच लोक याच कामापासून धरतात, ते योग्यच आहे.

रंग येतो कुठून, हे माहीत असलं तर बाटलीपुढे उभं राहण्यात अर्थ आहे. काही नॅनोमीटरच्या (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) सोन्याच्या कणावर प्रकाश पडला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन एकदम हेलकावे घेतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. उरतो तो लाल. कण एकमेकांना चिकटले की शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं आणि द्रावण निळं-जांभळं पडतं. मीठ घातल्यावर लालाचं निळं होतं, हे फॅरडेने स्वतः नोंदवून ठेवलंय. गणिती स्पष्टीकरण मात्र १९०८ साली गुस्ताव मी (Mie) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने दिलं.

एक गोष्ट काचेच्या कपाटात दिसूच शकत नाही. अंधारात या द्रावणातून प्रकाशाची बारीक शलाका सोडली तर तिचा मार्ग उजळून दिसतो; साध्या लाल रंगाच्या पाण्यात तसं होत नाही. फॅरडेने याच खुणेवरून ओळखलं, की सोनं विरघळलेलं नाही, कणरूपात आहे. मुलं बरोबर असतील तर हा प्रयोग आदल्या रात्री मुक्कामाच्या जागी करून दाखवा: एका ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात दुधाचा एक थेंब टाकलेलं पाणी, आणि मोबाइलच्या टॉर्चपुढे बारीक भोक पाडलेला पुठ्ठा. दुसऱ्या दिवशी त्या बाटल्यांपुढे मुलं जास्त वेळ थांबतील.

शिक्षकांसाठी थोडं अधिक. बीएस्सीच्या प्रयोगशाळेत हे लाल सोनं आज फॉस्फरसशिवाय बनवता येतं. १ मिलिमोलर क्लोरोऑरिक ॲसिडचं (सोन्याच्या संयुगाचं) २० मिलिलिटर द्रावण ढवळत उकळायचं, त्यात १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचं २ मिलिलिटर द्रावण एकदम ओतायचं आणि उकळी चालू ठेवायची. फिकट पिवळा रंग जातो, मग करडी-जांभळी छटा येते आणि साधारण दहा मिनिटांत गर्द लाल. एवढ्यात सोनं लागतं जेमतेम ४ मिलिग्रॅम. फसतं ते बहुतेक वेळा भांड्यांमुळे. आधीच्या प्रयोगाचा अंश काचेवर राहिला तर कण तिथेच जमतात आणि द्रावण गढूळ जांभळं होतं. म्हणून भांडी अम्लराजाने (तीव्र हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवून डिस्टिल्ड वॉटरने अनेकदा खळखळतात. हे काम फ्युम हूडमध्ये (विषारी वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) आणि जाणत्या माणसाच्या हातूनच व्हावं. क्लोरोऑरिक ॲसिडला धातूचा चमचा लावू नका, चमच्यावरच सोनं बसायला लागतं. नळाचं पाणीही नको, त्यातले क्षार कण गोळा करतात. तयार द्रावणाचे दोन भाग करा, एकात मिठाचं पाणी आणि दुसऱ्यात साखरेचं पाणी थेंबथेंब घाला. मिठाने निळं होतं, कारण सायट्रेटमुळे कणांवर आलेला ऋण भार सोडियमचे आयन झाकून टाकतात आणि कण जवळ येऊन चिकटतात. साखरेचे आयन होत नाहीत, म्हणून लाल तसाच राहतो.

आता विजेकडे वळा. विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होणं, ज्यात दिसलं त्या २९ ऑगस्ट १८३१ च्या प्रयोगातलं लोखंडी कडं इथे आहे, बाहेरून सहा इंच व्यासाचं. जवळून बघा: तांब्याच्या तारेच्या वेढ्यांमध्ये सुतळी आणि थरांमध्ये कापड आहे. इन्सुलेशन चढवलेली तयार तार तेव्हा बाजारात मिळत नव्हती, ती अशी हाताने वेगळी ठेवावी लागे. एका बाजूच्या गुंडाळीत वीज सुरू किंवा बंद केली त्याच क्षणी दुसऱ्या बाजूच्या तारेजवळची चुंबकसुई हलली, मधल्या वेळात नाही. आजचा ट्रान्सफॉर्मर त्याच तत्त्वावर चालतो. १८२५ मध्ये त्याने वेगळं काढलेलं बेंझीनही संग्रहात आहे. त्याची चुंबकीय प्रयोगशाळा १८५० च्या दशकातल्या रूपात पुन्हा मांडली आहे. तिथे घाई करू नका, कामाची जागा किती साधी होती ते कळतं.

व्याख्यानगृह बघायचं तर एखाद्या संध्याकाळच्या व्याख्यानाचं तिकीट काढणं हाच खात्रीचा मार्ग, आणि तो खर्च सार्थकी लागतो. उतरत्या अर्धगोल रांगा आणि मधोमध टेबल अशी रचना असल्याने वक्त्याच्या हातातली परीक्षानळी मागूनही दिसते. शुक्रवारची सायंव्याख्यानं आणि मुलांसाठीची ख्रिसमस व्याख्यानं, दोन्हींची सुरुवात १८२५ च्या सुमारास झाली, त्यात फॅरडेचा मोठा वाटा होता. ख्रिसमस व्याख्यानांच्या १९ माला त्याने स्वतः दिल्या. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला हा माणूस वक्तृत्वाची शिकवणी लावून बोलायला शिकला, आणि बोलण्याचा वेग वाढला की सहायकाने समोर ‘हळू’ असं लिहिलेलं कार्ड ठेवावं अशी सोय त्याने करून घेतली होती. विज्ञान सोपं करून सांगणं ही उपजत देणगी असते असं मानणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतलहरींवरचं शुक्रवारचं व्याख्यान २९ जानेवारी १८९७ रोजी याच संस्थेत दिलं.

उणी बाजूही सांगायला हवी. फलकांवरचा मजकूर थोडका आहे. शाळेतलं भौतिकशास्त्र विसरलेल्यांनी ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ हा धडा एकदा वाचून जावं. लहान मुलांना हाताळायला फार काही नाही, दहा वर्षांखालची मुलं अर्ध्या तासात कंटाळतील. नववी-दहावीच्या पुढच्यांना मात्र जरूर न्या.

ग्रीन पार्क हे सर्वांत सोयीचं स्टेशन, तिथून पाचेक मिनिटं चालत. शनिवार-रविवार धरून बेत आखू नका, म्युझियम साधारणपणे कामाच्या दिवशीच उघडं असतं. वेळा निघण्याआधी संस्थेच्या वेबसाइटवर बघून घ्या. डिसेंबरात होणाऱ्या ख्रिसमस व्याख्यानांची तिकिटं सोडतीने सभासदांना आणि ब्रिटनमधल्या शाळांना मिळतात, पर्यटकाला अशी दारात मिळणार नाहीत. गेल्या अनेक वर्षांच्या चित्रफिती मात्र संस्थेच्या वेबसाइटवर घरबसल्या फुकट बघता येतात.